लक्ष्मीआईचा मुलाणी

भांडण व्हायच्या आधी गावात पोचायचं, हे माझं काम. झाल्यावर पोचणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्या गाड्या चांगल्या असतात. मी एसटीने जाते. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पत्रकांचा गठ्ठा, पाण्याची बाटली आणि कुणी विचारलंच तर दाखवायला संस्थेचं ओळखपत्र. भांडण झालं की मी कमी पडले हे सगळ्यांना कळतं. नाही झालं तर ते माझ्यामुळे झालं नाही की होणारच नव्हतं, हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

आमची संस्था नगरमध्ये एका छापखान्याच्या वरच्या खोलीत आहे. जिल्ह्यात कुठे धर्मावरून किंवा जातीवरून तापायला लागलं की तिथे जायचं, लोकांशी बोलायचं, अफवा कुठून निघाली ते शोधायचं आणि खरी गोष्ट पत्रकावर छापून वाटायची. पत्रकं मी लिहिते. एका वाक्यात एकच गोष्ट. जोडाक्षरं जमतील तितकी कमी. पहिल्या ओळीत शिवी नाही आणि उपदेश कुठेच नाही, कारण उपदेश दिसला की माणूस त्या कागदात भजी गुंडाळतो. वाटायचं कुठे तेही ठरलेलं आहे. सलून, पिठाची गिरणी, दवाखान्यातलं बाकडं. म्हणजे जिथे नंबर येईपर्यंत माणसाला बसावंच लागतं. देवळापुढे आणि मशिदीपुढे वाटलेलं पत्रक वाया जातं. तिथे माणूस कुणीतरी बनून आलेला असतो. गिरणीत तो नुसता दळण घेऊन आलेला असतो.

गावात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ताई, आडनाव काय? आडनाव कळलं की जात कळते, जात कळली की मी कुणाच्या बाजूने आले हे त्यांच्या मते कळतं. मी सांगते, भिंगारची. वडील तिथे लष्कराच्या डेपोत नोकरीला होते, त्यामुळे ते खोटं नाही. मग ते भिंगारमध्ये कुठे म्हणतात. मी गल्ली सांगते. गल्लीवरून ते ओळखतात की आम्ही बौद्ध आहोत, आणि मग हिंदू म्हणतात ही त्यांची, आणि मुसलमान म्हणतात ही शेवटी त्यांचीच. चहा मात्र दोन्हीकडे मिळतो.

तारीफ करणारे लोकही भेटतात. भिंगारच्या बाजारात एका डीजेवाल्याने मला रस्त्यात गाठलं होतं. "ताई, दोन्हीकडच्या मिरवणुकांना माझाच साउंड असतो," तो म्हणाला. "राडा झाला की पहिला दगड माझ्या बेसवर बसतो. तुमी जरा जोर लावा." आमच्या कामाची एवढी कळकळ मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

कॉलेजात बोलायला गेले की मुलं विचारतात, धर्म वेगळे म्हणून लोक भांडतात, की भांडायचंच असतं म्हणून धर्म काढतात? मी पूर्वी बिनधास्त दुसरं उत्तर द्यायचे. पत्रकात ते छान बसतं. गेल्या चैत्रापासून देत नाही. शेवगाव तालुक्यातल्या एका गावाने ते उत्तर माझ्याकडून काढून घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत, कारण त्यांना तिथेच राहायचं आहे.

त्या गावात मुसलमानांची चार घरं. त्यातलं एक हसन मुलाण्याचं. मुलाणी म्हणजे कोण, ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या भागात गावदेवीच्या जत्रेला नवसाचे बोकड कापतात. कापणारा हात मुलाण्याचा. देवी हिंदूंची, नवस हिंदूंचा, पण सुरी मुसलमानाची, आणि सुरी फिरवताना तो बिस्मिल्ला म्हणणार. तो म्हटल्याशिवाय जुनी माणसं ते मटण ताटात घेत नाहीत. बोकडातला ठरलेला वाटा त्याचा. हे कधी ठरलं कुणाला माहीत नाही. हसनचाचांचे वडील करायचे, त्यांचे वडील करायचे. जत्रेच्या सकाळी चाचा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून लक्ष्मीआईच्या पारावर येतात, देवीला हात जोडतात आणि मग सुरी काढतात. गावात याला कुणी सर्वधर्मसमभाव म्हणत नाही. याला म्हणतात मुलाण्याचा मान.

जत्रेच्या आधी गावातल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. आपल्या देवीपुढे त्यांचा मंत्र कशाला? यंदा बोकड आपले, सुरीही आपली. पारावर मुलाणी दिसला तर पुढचं आम्ही बघू. त्याचा स्क्रीनशॉट आमच्याकडे आला आणि मी एसटीत बसले.

ग्रुप चालवणारा विक्रम. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, आठवड्याच्या सुटीला मोटरसायकलवरून गावी येतो. आमच्या पत्रकांत अशा पोरांना समाजकंटक म्हणतात. मी तो शब्द आता छापू देत नाही. विक्रमने मला बघून आधी खुर्ची आणली, पुसली, मग घरात पाणी सांगितलं. गावातली विहीर पोरांना घेऊन त्याने उपसली होती. आजारी माणसाला रक्त लागलं तर पहिला फोन त्याला जातो.

आणि ह्याच विक्रमच्या आईचा, सखूबाईंचा, नवस होता. मागे त्याचा अपघात झाला, पाय मोडला, डोक्याला लागलं, नगरच्या दवाखान्यात तो बेशुद्ध पडून होता. तेव्हा सखूबाई लक्ष्मीआईला बोलल्या की पोरगं स्वतःच्या पायांनी घरी आलं तर बोकड देईन. पोरगं आलं. बोकड दारात वाढला. यंदाच्या जत्रेत पारावरचा पहिला बोकड तोच असणार होता. आता पोरगं म्हणत होतं मुलाण्याची सुरी नको, आणि आई म्हणत होती की जसा गावात नवस फिटतो तसाच माझा फिटला पाहिजे.

मी विक्रमला म्हटलं, नवस तिचा, बोकड तिने पाळलेला, देवीशी बोलणं तिचं झालेलं. यात तुझं काय आहे?

"पाय," तो म्हणाला. "पाय माझाय ना."

आम्ही दोघंही हसलो. मग तो गंभीर झाला. "ताई, चाचांबद्दल माझ्या मनात काय नाही. त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलीय. माझं म्हणणं मंत्राचं आहे. त्यांच्या मशिदीत आपली आरती चालंल का, एवढंच सांगा."

ह्या प्रश्नाला पत्रकात छापायचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी त्याला दिलंही. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. प्रश्न न्यायाचा दिसतो, म्हणून तो अडकतो. पण तो तराजूच खोटा आहे. हसनचाचा पारावर कुणाच्या परवानगीने येत नव्हते, आणि गावाने त्यांना मोठ्या मनाने येऊ दिलं असंही नव्हतं. त्यांच्याशिवाय गावाचं अडत होतं. विक्रमला हे दिसत नव्हतं, कारण त्याने चाचांकडे आधी माणूस म्हणून बघितलं होतं आणि आता धर्म म्हणून बघत होता. मधला मुलाणी त्याच्या नजरेतून गळला होता.

चाचांच्या घरी गेले तेव्हा ते दारात शेळ्यांना पाला टाकत होते. थोडी शेती, शेळ्या, शेवगावच्या बाजारात थोडी खरेदी-विक्री, असा त्यांचा संसार. थोरला मुलगा नगरला रिक्षा चालवतो. धाकटा आणि त्याची बायको शबाना त्यांच्याजवळ. मी माझं नेहमीचं बोलले. पोलिसांना कल्पना दिली आहे, घाबरू नका, पोटाचा प्रश्न असेल तर तेही बघू.

"पोटाचं काय न्हाई, ताई," चाचा म्हणाले. "सुरी गेली तर चूल बंद पडायची न्हाई. पन आज मी ह्या गावचा मुलानी हाय. सुरी गेली की मी नुसता मुसलमान ऱ्हाईन. चार घरातला एक. मग उद्या कुठं काय झालं तर गावानं माज्याकडं काय म्हनून बघायचं?"

हे वाक्य मी नऊ-दहा वर्षं पत्रकांतून लिहायचा प्रयत्न करत होते आणि मला ते सुचलं नव्हतं.

तरीही एक गोष्ट मला टोचत होती आणि ती इथे लिहायलाच हवी. आमच्या संस्थेतल्या सरांना जुन्या गावाची आठवण काढून गहिवर येतो. प्रत्येकाला काम, प्रत्येकाला मान. मला येत नाही. माझ्या आज्यालाही त्या गावात काम होतं. मेलेलं जनावर ओढायचं. मानही होता, वेशीबाहेर. धर्मांतराच्या वेळी आज्याने ते काम टाकलं आणि त्याबद्दल मार खाल्ला. तेव्हा गावगाड्याची आरती माझ्याकडून होणार नाही. मग मी ह्या मुलाण्याच्या मानासाठी का भांडते आहे, असं मी परतीच्या एसटीत स्वतःला विचारत बसले. मला एवढंच समजलं की आज्याने सोडलं ते स्वतःच्या पायांनी बाहेर पडून. चाचांना ढकलत होते. दोन्हीत जागा रिकामीच होते, पण दोन्ही एक नाहीत.

जत्रेच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये शांतता बैठक झाली. पोलिसांचे साहेब आले होते आणि आमचे सरही. आमची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. दोन्ही बाजूंचे सारखे प्रतिनिधी बोलवायचे, समोरासमोर बसवायचे, दोघांना सारखा वेळ द्यायचा. शहरातल्या दंग्यानंतर तिचा उपयोग होतही असेल. त्या हॉलमध्ये डावीकडे हिंदू बांधवांच्या पाच खुर्च्या मांडल्या आणि उजवीकडे मुस्लिम बांधवांच्या पाच. आता चार घरांतून पाच कुठून आणणार? एक घर तर फक्त म्हातारीचं. मग शेवगावहून एका दुकानदाराला बोलावून खुर्ची भरली. त्या बिचाऱ्याने लक्ष्मीआई कधी बघितली नव्हती. तो मला हळूच विचारत होता की वाद कशाचा आहे.

हसनचाचा जरा उशिरा आले. डावीकडे देवीचा गुरव बसला होता. जत्रेच्या कामात हे दोघं कायम जोडीने असतात. चाचा सवयीने गुरवाशेजारी जाऊन बसले. गुरवाने सरकून जागा दिली.

साहेब अगदी आदबीने म्हणाले, "चाचा, तुमची बाजू इकडे आहे."

चाचांना कळायला वेळ लागला. मग ते उठले, मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडे गेले आणि दुकानदाराशेजारी बसले. विक्रम खाली बघत होता. मी उठून म्हणाले की ते बसले होते तीच त्यांची बाजू होती, त्यांना परत तिथे बसू द्या. सरांनी मला डोळ्यांनी बसवलं. बैठकीनंतर मला सांगण्यात आलं की मध्यस्थाने भावनेच्या भरात जायचं नसतं.

निर्णय एकमताने झाला. दोन्ही समाजांनी आपापल्या पद्धतीने आपापले विधी करावेत, दुसऱ्याच्या विधीत लक्ष घालू नये. म्हणजे हिंदू बाहेरून आपला माणूस आणतील, मुसलमान त्यांच्या बोकडांचं बघतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती समान वाटप. फक्त मुसलमानांचा एकही बोकड लक्ष्मीआईला नसतो. चाचांच्या वाट्याला शून्य आलं आणि ते त्यांना कायदेशीर, सन्मानपूर्वक, फोटोसकट मिळालं. फोटोत शेवगावचा दुकानदार विक्रमशी हात मिळवतो आहे.

सहिष्णुता हा शब्द मी किती पत्रकांवर छापला असेल. तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी, कुणी कुणाला त्रास देऊ नका. त्या दिवशी मला कळलं की भांडण करणारी पोरं आणि भांडण मिटवणारे आम्ही, दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. दोघांनाही गावात मधोमध एक मोकळी जागा हवी होती. त्यांनी ती धमकी देऊन मागितली, आम्ही ती खुर्च्या मांडून दिली.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी गावात होते. पाराजवळ पोलिसांची गाडी. बाहेरून आणलेला माणूस टेम्पोजवळ आपली सुरी घासत बसला होता. त्याला कुणी नावाने हाक मारत नव्हतं, कारण नाव कुणाला माहीत नव्हतं. पोरांच्या गळ्यात एकसारखी नवी उपरणी. हलगी वाजत होती, पण पाळण्याजवळची लहान मुलं सोडली तर कुणी मोकळेपणाने बोलत नव्हतं. बायका पदर दातात धरून उभ्या.

सखूबाई बोकड घेऊन आल्या. बोकडाच्या कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. पारापाशी आल्या, देवीला हात जोडले आणि थांबल्या नाहीत. तशाच पुढे मुलाण्याच्या गल्लीत वळल्या.

हलगी बंद पडली. सगळी माणसं गल्लीत लोटली. पुढे सखूबाई, मागे विक्रम, त्याच्यामागे उपरणी, त्यांच्यामागे पोलीस. मी अंग चोरून भिंतीकडेने पुढे घुसले. चाचांचं दार लावलेलं. सखूबाईंनी कडी वाजवली. शबानाने दार अर्धंच उघडलं.

"आत्याबाई, अब्बा न्हाईत घरी. शेवगावला गेलेत."

उंबऱ्याशी चाचांच्या चपला होत्या. त्या शबानालाही दिसल्या, सखूबाईंनाही आणि गल्लीतल्या सगळ्यांनाही. सखूबाई म्हणाल्या, बरं, मग मी बसते. आणि बोकडाची दोरी हाताला गुंडाळून त्या उंबऱ्यावर बसल्या.

विक्रम म्हणाला, "आई, ऊठ. लोकं बघायलेत."

"बघू दी. चोरी करायला आले न्हाई मी."

"ग्रुपमधी काय तोंड दाखवू मी?"

"दवाखान्यात पडला हुतास तवा कुटं हुता तुजा ग्रुप? ह्यो हसनदादा हुता खाली बसून. त्याला इचार किती दिवस बसला."

मोबाईल वर झाले होते. साहेब माझ्याजवळ येऊन पुटपुटले की मॅडम, ह्यांना उठवा, तुमचं ऐकतील. माझं कामच ते होतं. भांडण होऊ द्यायचं नाही. बाई उठली की गल्ली मोकळी, गल्ली मोकळी की शांतता. मी सखूबाईंजवळ जाऊन खाली बसले. उठा असं माझ्या तोंडून काही निघेना. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मागून कुणीतरी दगड मारला. तो चाचांच्या पत्र्यावर आदळला आणि घरंगळत खाली आला. आत लहान मूल रडायला लागलं. बोकड दचकून उडाला आणि दोरीने सखूबाईंचा हात ओढला गेला. विक्रम गर्रकन मागे वळला. त्याचा आवाज फाटला होता.

"कोण आहे रे त्यो? माझी आई बसलीय हितं."

क्षणभर वाटलं की आता उपरण्यांची आपसातच जुंपणार. तेवढ्यात दार पूर्ण उघडलं. हसनचाचा बाहेर आले. अंघोळ झालेली होती. अंगात धुतलेला सदरा होता. जत्रेच्या सकाळी जसे तयार होतात तसे ते आत तयार होऊन बसले होते. हात रिकामे.

"सखू, ऊठ," ते म्हणाले. "आज न्हाई."

"नवस आजचा हाय, हसनदादा."

"नवस देवीला बोललीस. देवी थांबंल. ही पोरं थांबायची न्हाईत."

सखूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हात टेकून उठल्या, बोकडाच्या गळ्यातला हार काढून चाचांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि बोकड घेऊन घरी गेल्या. पाराकडे फिरकल्या नाहीत. बाकीचे बोकड बाहेरच्या माणसाने कापले. संध्याकाळी बऱ्याच घरांतल्या म्हाताऱ्यांनी नुसती भाकरी खाल्ली, डोकं दुखतंय असं सांगून.

आमच्या अहवालात ओळ आहे, जत्रा शांततेत पार पडली. मी लिहिलेला मसुदा वेगळा होता. सर म्हणाले, अहवालात मत नको, घटना हवी. मी म्हटलं, घटनाच लिहिली आहे. मग त्यांनी ती ओळ स्वतः लिहिली. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मुंबईतले दंगे पाहिले आहेत, कुणी मेलं नाही एवढं त्यांना पुरतं. मला पुरत नाही. यावर आमची अजून रोज वादावादी होते आणि आमच्या दोघांच्या आवाजाने खालचे छापखानेवाले वैतागले आहेत.

पावसाळ्यात चाचा नगरला थोरल्या मुलाकडे राहायला आले. गावात सांगितलं, गुडघ्याचा इलाज चालू आहे. मी भेटायला गेले की गुडघ्याचं काही निघत नाही.

गणपती उठल्यानंतर मला विक्रमचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, आई बोकड विकू देत नाही. कापूही देत नाही. बोकड मस्तीला आलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला टक्कर मारतो, पोस्टमनला पाडलं. आई नीट जेवत नाही. माझा पाय पावसात दुखतो तर म्हणते नवस अडकलाय. घरात बसवत नाही, ताई.

मी विचारलं, मग?

तो घुटमळला. "चाचांना एक दिवस घेऊन याल का? गावात नको. आमच्या मळ्यात. कुणी नसताना. मोबाईल बंद ठेवायचे सगळ्यांनी. त्यांचा जो काय वाटा असंल तो देतो, वर काय पाहिजे ते देतो. अजून दोघातिघांच्या घरी हेच चाललंय, ताई. ग्रुपमधल्याच. त्यांचे पण नवस पुन्हा फेडून घेऊ एकदम."

ग्रुपमधल्याच. म्हणजे उपरणं घातलेल्या आणखी काहींच्या घरी एक आई नाहीतर आजी ताट बाजूला सारून बसली होती, आणि प्रत्येकाला ते माहीत होतं, आणि ग्रुपवर प्रत्येक जण एकच घोषणा टाकत होता. घरात जे चालतं ते चव्हाट्यावर चालत नाही. माणसं एकमेकांच्या धर्माला घाबरत नाहीत, स्वतःच्या माणसांना घाबरतात. आपल्यातला दुसरा आपल्याला कच्चा म्हणेल ह्या भीतीने पक्के होतात. कॉलेजातल्या मुलांना आता मी हे सांगते. ते त्यांना तितकंसं आवडत नाही, कारण त्यात शिव्या द्यायला समोर कुणी उरत नाही.

निरोप मी पोचवला. माझ्या मनात आलं होतं की चाचा हो म्हणतील, आणि मला ते कसं वाटेल हे मला ठरवता येत नव्हतं. ते मुलाच्या घराच्या पायरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. सखू जेवत नाही हे ऐकल्यावर मान हलवली.

"मळ्यात न्हाई," ते म्हणाले. "चोर हाय का मी? देवीचं काम हाय. दरसाल पहिला बोकड ज्याच्या घरचा, त्या घरचा मानूस हलगी लावून मला बोलवायला येतो. दिवसाढवळ्या. पुढच्या चैतात इक्रमला तसा येऊ दी. म्या गावातल्या घरी येऊन बसतो आदल्या दिवशी. न्हाई आला तर माजं काय म्हननं न्हाई. पन चोरून न्हाई."

तिकडे गावात शबाना जत्रेच्या आठवणीने अजून घाबरते. चाचांच्या थोरल्या मुलाने मला दाराबाहेर येऊन स्पष्ट सांगितलं की ताई, हा निरोप नका देऊ, आमचं म्हातारं एकटंच आहे. मी त्याला म्हटलं की निरोप तुझ्या वडिलांचा आहे. तो चिडून आत गेला. त्याचंही चुकत नव्हतं. पारावर दगड येईल तेव्हा मी एसटीत बसून परत येईन. तो कुठे जाणार?

मी विक्रमला फोन लावला आणि चाचा बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. शेवटी माझंही जोडलं की तुला धीर नसेल तर आत्ताच सांग, म्हाताऱ्याला घरी येऊन वाट बघायला लावू नकोस.

"सगळ्यांसमोर?" विक्रमने विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"हलगी लावून?"

"ते मला नको विचारूस. तुमच्या गावची रीत आहे."

फोन चालू होता. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग सखूबाईंचा आवाज आला, लांबून, चुलीजवळून असावा.

"काय म्हनला हसनदादा? येतो म्हनला का?"

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"येतो म्हणाले," तो आईला म्हणाला. "बोलवायला मी जायचंय."